९ विरुद्ध १२ : एका मानवी विकराचा अर्धवट राहिलेला निवाडा

काही महिन्यांपूर्वी आमच्या भागातल्या एका व्याख्यानमालेत करोनाच्या साथीवर बोलणे झाले. प्रश्नोत्तरांत एका निवृत्त प्राध्यापकांनी एसीई-२ या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, विषय काढला. त्यांचे म्हणणे असे : करोनाचा विषाणू पेशीत शिरतो तो आपल्याच शरीरातल्या या विकराला धरून, तेच विकर प्रयोगशाळेत तयार करून रक्तात सोडले, तर विषाणू पेशीऐवजी त्यालाच चिकटून बसेल आणि शिवाय फुप्फुसही वाचेल, असे औषध व्हिएन्नात तयार होते, एक बाई त्यावर बरी झाली, तरीही ते लोकांपर्यंत पोहोचू दिले गेले नाही. त्यांचे बोलणे संपते न संपते तोच मागच्या रांगेतल्या एका तरुण डॉक्टरांनी "ते औषध चाचणीत फेल गेलं, सर, विषय संपला" असे सुनावले, आणि सभागृहात सरळ दोन तट पडले. मला या दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, आणि एकाच कारणासाठी चुकीच्या वाटतात. एखाद्या औषधामागचा तर्क कितीही सुंदर असला, तरी त्याने औषधाला तपासले जाण्याचा हक्क तेवढा मिळतो, रुग्णाला टोचले जाण्याचा मिळत नाही. आणि ती तपासणी इतकी मोठी असावी लागते की तिच्या 'हो'ला आणि 'नाही'ला सारखाच अर्थ असेल. पहिली गोष्ट प्राध्यापक विसरले, दुसरी डॉक्टर विसरले. सार्वजनिक प्रश्न या दोन विसरण्यांच्या मध्ये आहे, आणि त्यावर त्या संध्याकाळी कोणी बोलले नाही.

आधी ही यंत्रणा समजून घेऊ, कारण सगळा वाद तिच्यावरच उभा आहे. यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचे एक लांबलचक प्रथिन रक्तात सोडत असते. रक्ताचा पुरवठा कमी पडतो आहे असे मूत्रपिंडाला जाणवले की ते रेनिन सोडते, आणि रेनिन त्या प्रथिनाच्या टोकाचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा कापून काढते. मुख्यतः फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असलेले एसीई हे विकर त्या दहा मण्यांच्या माळेतून दोन मणी काढते. उरते ती आठ मण्यांची माळ म्हणजे अँजिओटेन्सिन-२, आणि खरी ताकद तिच्यात असते : ती रक्तवाहिन्या आवळते, शरीराला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावते, रक्तदाब चढवते, आणि प्रमाणाबाहेर राहिली तर हृदय, मूत्रपिंड व फुप्फुस यांत सूज आणि चट्टे निर्माण करते. या आठांतला शेवटचा एकच मणी काढण्याचे काम एसीई-२ करते. राहिलेली सात मण्यांची माळ बहुतांशी उलट दिशेने, म्हणजे वाहिन्या सैल करण्याकडे, काम करते. एका मण्याच्या फरकाने आवळणारे सोडणारे होते. रक्तदाबासाठी घरोघरी घेतल्या जाणाऱ्या रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या याच साखळीत वेगवेगळ्या ठिकाणी पाचर मारतात. रामिप्रिल एसीईला अडवते, बाकीच्या दोन्ही अँजिओटेन्सिन-२ला त्याच्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवर, बसू देत नाहीत.

या साखळीचा इतिहास पाहिला तर घाईच्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये असेच वाटेल. १८९८ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेड आणि त्यांचा विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला, त्यांचा रक्तदाब चढला, अर्कातल्या द्रव्याला त्यांनी रेनिन असे नाव दिले, आणि पुढची पस्तीसेक वर्षे त्याकडे कोणी फारसे ढुंकूनही पाहिले नाही. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने आवळून रक्तदाब वाढवून दाखवला, तेव्हा कुठे रेनिनची आठवण झाली. त्यानंतर अर्जेंटिनातल्या आणि अमेरिकेतल्या गटांनी एकच द्रव्य स्वतंत्रपणे शोधले आणि त्याला 'हायपरटेन्सिन' व 'अँजिओटोनिन' अशी दोन नावे दिली. हे भांडण १९५८ मध्ये दोन्ही नावांचे अर्धे-अर्धे तुकडे जोडून मिटवले, म्हणून आज आपण अँजिओटेन्सिन म्हणतो. (गृहनिर्माण संस्थेच्या सभेत इमारतीचे नाव याच पद्धतीने ठरते.) एसीई-२ मात्र अगदी काल-परवाचे. २००० साली इंग्लंड आणि अमेरिका इथल्या दोन गटांना ते एकमेकांच्या नकळत सापडले. २००३ मध्ये तेव्हाच्या सार्स साथीचा विषाणू याच विकराला धरून पेशीत शिरतो हे अमेरिकेत सिद्ध झाले. २००५ मध्ये व्हिएन्नातल्या योसेफ पेनिंगर यांच्या गटाने असे दाखवले की एसीई-२ नसलेल्या उंदरांचे फुप्फुस तीव्र आघातात अधिक बिघडते आणि प्रयोगशाळेत तयार केलेले मानवी एसीई-२ टोचले तर बिघाड कमी होतो. रुग्णांना देण्याजोगे औषध त्यातूनच आकाराला आले : पेशीच्या आवरणात रुतलेले शेपूट काढून टाकलेले, रक्तात विरघळणारे मानवी विकर, जे चिनी हॅम्स्टरच्या बीजांडकोशातून वाढवलेल्या पेशींमध्ये तयार होते.

२०२०च्या एप्रिलमध्ये पेनिंगर यांनी कॅरोलिन्स्काच्याच संशोधकांना सोबत घेऊन मानवी पेशींपासून वाढवलेल्या रक्तवाहिन्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या चिमुकल्या प्रतिकृतींमध्ये हे विकर नव्या विषाणूचा संसर्ग रोखते असे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी व्हिएन्नात ४५ वर्षांच्या एका गंभीर आजारी स्त्रीला ते सात दिवस दिले गेले आणि ती बरी झाली. प्राध्यापकांची 'बाई' ती हीच. मग युरोपातल्या काही देशांत सुमारे १८० रुग्णांवर तुलनात्मक चाचणी झाली. मार्च २०२१ मध्ये निकाल आला : औषध मिळालेल्यांत ९ जण मरण पावले किंवा त्यांना व्हेंटिलेटर लागला, सलाइनसारखे निष्क्रिय द्रावण मिळालेल्यांत १२. फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता, म्हणजे तो निव्वळ योगायोगानेही पडू शकला असता. त्यानंतर विषय मिटला, बातम्या लशींकडे वळल्या, आणि मागे उरले ते 'दडपले' आणि 'फेल गेले' हे दोन शब्द.

प्राध्यापकांच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा त्यांनी स्वतः अर्धाच मांडला, तो मी पुरा करतो. हे औषध एकाच वेळी दोन कामे करणार होते : विषाणूला चकवायचे, आणि विषाणूमुळे पेशींवरचे एसीई-२ घटले असल्याने साचणारे अँजिओटेन्सिन-२ उतरवायचे. शिवाय विषाणू कितीही रूप पालटो, जोवर त्याला पेशीत शिरण्यासाठी एसीई-२ लागते तोवर या चकव्यापासून त्याला सुटका नाही. प्रतिपिंडांची औषधे ओमायक्रॉनपुढे एकामागून एक निकामी झाली, ते पाहता हा मुद्दा हलका नाही. शिवाय याच साखळीत शुद्ध तर्काने औषध सापडल्याचे थोर उदाहरणही आहे. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषात सर्जिओ फेरेरा यांना रक्तदाब उतरवणाऱ्या ब्रॅडिकिनिनचा जोर वाढवणारे घटक सापडले. तेच घटक एसीईलाही अडवतात असे पुढे लक्षात आले, आणि त्या धाग्यावरून कुशमन आणि ओंडेट्टी या संशोधकांनी विकराच्या खाचेत नेमका बसेल असा रेणू कागदावर आखून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचे औषध बनवले, जे १९८१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मग एसीई-२च्या तर्कावरच एवढा अविश्वास का?

कारण याच साखळीत, याच साथीत, तर्क लागोपाठ तोंडघशी पडला. मार्च २०२०मध्ये एका तर्काने जगभर घबराट उडवली : रक्तदाबाच्या गोळ्यांनी पेशींवरचे एसीई-२ वाढते, एसीई-२ हे विषाणूचे दार, म्हणून गोळ्या थांबवाव्यात. आपल्याकडेही कित्येकांनी डॉक्टरांना घाबरून विचारले असेल. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेला गोळ्या थांबवू नका असे जाहीर आवाहन करावे लागले, आणि ब्राझीलमध्ये ६५९ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यागत दोन गटांत विभागून, निम्म्यांच्या गोळ्या चालू ठेवून निम्म्यांच्या थांबवून पाहिल्या, तेव्हा काहीच फरक दिसला नाही. मग उलटा तर्क आला : अँजिओटेन्सिन-२ हाच खलनायक, तेव्हा या गोळ्या गंभीर रुग्णांना मुद्दाम सुरू कराव्यात. अनेक देशांत चाललेल्या एका मोठ्या चाचणीत तसे केले, आणि २०२२ मध्ये ते थांबवावे लागले, कारण अतिदक्षता विभागातल्या रुग्णांचे त्याने बहुधा नुकसानच होत होते. सात मण्यांच्या माळेची प्रयोगशाळेतली प्रतिकृती अमेरिकेत थेट रुग्णांना देऊन पाहिली. तिनेही लाभ झाला नाही. हे तिन्ही तर्क एका फळ्यावर मांडले तर प्रत्येक आपापल्या जागी निर्दोष दिसतो. एकमेकांशी विसंगत असलेले तर्क प्रत्येकी निर्दोष दिसतात, याचाच अर्थ नुसत्या निर्दोष दिसण्याला पुराव्याचा दर्जा देता येत नाही. आणि कॅप्टोप्रिलच्या घराण्याचे काय? त्याची प्रतिष्ठा आखीव रेणूने मिळवून दिलेली नाही. १९८७ मध्ये स्कँडिनेव्हियात तीव्र हृदय-अपयशाच्या २५३ रुग्णांवर त्याच घराण्यातल्या एनालाप्रिलची चाचणी झाली आणि सहा महिन्यांतला मृत्युदर ४४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आला, तेव्हा ती प्रतिष्ठा मिळाली.

दुसरा मुद्दा सभागृहात अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत मांडला : हे तर आपल्याच शरीरातले विकर, त्याने वाईट ते काय होणार? या प्रश्नात एक गोड गैरसमज आहे. शरीरात असलेली वस्तू शरीराला कोणत्याही मात्रेत, कोणत्याही जागी आणि कोणत्याही वेळी मानवते असे नाही. अँजिओटेन्सिन-२चेच पाहा. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांना तो सावरण्यासाठी हेच अँजिओटेन्सिन-२ औषध म्हणून शिरेतून देतात. ३२१ रुग्णांवरच्या चाचणीनंतर अमेरिकेने डिसेंबर २०१७मध्ये त्याला मान्यता दिली. म्हणजे अतिदक्षता विभागात एका खाटेवर जे द्रव्य जीव सांभाळण्यासाठी थेंबाथेंबाने सोडले जात आहे, तेच नष्ट करणारे विकर शेजारच्या खाटेवर द्यायचे. आणि करोनाचा गंभीर रुग्ण या खाटेवरून त्या खाटेच्या अवस्थेत कधी जाईल याचा नेम नाही. निरोगी स्वयंसेवकांमध्ये एसीई-२ टोचून रक्तदाबावर विशेष परिणाम दिसला नव्हता, हे मान्य. पण औषध निरोगी माणसाला द्यायचे नव्हते. दुसरी भीती अधिक खोल आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना दिले जाणारे एरिथ्रोपोएटिन हेही हुबेहूब आपल्याच संप्रेरकाची प्रयोगशाळेतली नक्कल. १९९८नंतरच्या काही वर्षांत त्याच्या एका विशिष्ट प्रकारामुळे काही रुग्णांच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली, आणि त्या प्रतिपिंडांनी टोचलेले आणि स्वतःचे असा भेद न करता दोन्ही नष्ट केली. लाल पेशी बनणेच थांबले. शरीराची ओळख पटवण्याची पद्धत आपल्या भावनांवर चालत नाही.

इथे विरुद्ध बाजूलाही एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्या दिवशी 'प्रयोगशाळेत बनवलेले म्हणजे कृत्रिम रसायन' असेही एका बाईंनी ठासून सांगितले होते आणि काही माना डोलल्या होत्या. नैसर्गिक मार्गाने मिळवलेले मानवी द्रव्य सुरक्षित असते, या समजुतीची किंमत उंची न वाढणाऱ्या मुलांनी मोजली आहे. त्यांना दिले जाणारे वृद्धी-संप्रेरक १९८५पर्यंत मृतदेहांच्या मेंदूतल्या ग्रंथींमधून काढले जाई, आणि त्यातून काही मुलांना मेंदू सडवणारा क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा असाध्य आजार झाला. तो पुरवठा बंद झाला, त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेले संप्रेरक अमेरिकेत मान्य झाले, आणि त्यात हा धोका राहिला नाही. मधुमेहींच्या इन्सुलिनचा प्रवासही गायी-डुकरांच्या स्वादुपिंडाकडून १९८२पासून जिवाणूंकडे असाच झाला. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज हे मानवी विकरात थोडे फेरफार करून बनवलेले औषध आहे, आणि ते पुण्याजवळ हिंजवडीत तयार होते. प्रयोगशाळेत तयार होणे हा गुणही नाही आणि दोषही नाही. एसीई-२ हॅम्स्टरच्या पेशींतून आले की आकाशातून पडले, याने ते फुप्फुस वाचवते की नाही याचे उत्तर मिळत नाही.

त्या उत्तरासाठी एसीई-२पेक्षाही अधिक बोलके उदाहरण आहे ते दुसऱ्याच एका मानवी विकराचे, आणि ते आपल्या चर्चांत जवळजवळ कधीच येत नाही. सक्रिय प्रोटीन-सी हे रक्त गोठण्यावर आणि दाहावर लगाम ठेवणारे विकर आहे. तीव्र जंतुसंसर्गात ते घटते, म्हणून बाहेरून द्यावे, हा तर्क एसीई-२च्या तर्काचा जुळा भाऊ शोभेल. १,६९० रुग्णांवरच्या एका चाचणीत निष्क्रिय द्रावण मिळालेल्यांचा मृत्युदर ३०.८ टक्के, तर औषध मिळालेल्यांचा २४.७ टक्के निघाला. तरीही एका चाचणीवर विसंबावे का, यावर अमेरिकेच्या सल्लागार समितीत १० विरुद्ध १० अशी बरोबरीची मते पडली. २००१ मध्ये मान्यता मिळाली, 'झायग्रिस' या नावाने ते हजारो डॉलरना विकले गेले, आणि जगभरच्या अतिदक्षता विभागांत दहा वर्षे दिले गेले. पुढे नव्याने चाचणी झाली. तिच्यात औषध मिळालेल्यांचा मृत्युदर २६.४ टक्के, न मिळालेल्यांचा २४.२ टक्के. ऑक्टोबर २०११मध्ये कंपनीने औषध बाजारातून काढून घेतले. रक्तस्राव हा त्याचा ज्ञात धोका होता. दहा वर्षांत त्याने किती जणांचे प्राण वाचवले आणि किती जणांचे घेतले, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण मान्यता मिळाल्यावर मोजायचे कारण उरले नव्हते. एसीई-२चे औषध २०२०मध्ये तर्काच्या बळावर सरसकट सोडले असते, तर आज आपण याच अंधारात उभे असतो, आणि प्राध्यापकांना त्या अंधारात एक विजय दिसला असता.

तिसरा मुद्दा मात्र मला खरोखर अडवतो. माणसे धडाधड मरत असताना चाचणीची चैन कोणी करायची? एप्रिल २०२१मध्ये आमच्या घरातल्या एका रुग्णासाठी रुग्णालयाने रेमडेसिविरची चिठ्ठी हातात ठेवली, तेव्हा मी स्वतः दुकानांपुढच्या रांगेत पाच तास उभा राहिलो आहे. त्या रांगेत मला कोणी संख्याशास्त्र समजावले असते, तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. म्हणून हा मुद्दा मांडणाऱ्याला निर्बुद्ध म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण आता शांतपणे पाहिले तर त्या रांगेचा पाया काय होता? रेमडेसिविरचा मृत्यूवर फारसा परिणाम दिसत नाही, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीचा अंतरिम निष्कर्ष त्याआधी सहा महिने, ऑक्टोबर २०२०मध्येच, आला होता. पुढे चौदा हजारांवर रुग्णांची मोजणी पुरी झाल्यावर व्हेंटिलेटरवर नसलेल्यांना त्याचा थोडा लाभ होतो असे दिसले. म्हणजे तो लाभ होता, पण इतका बारीक की हजारोंशिवाय डोळ्यांना दिसू नये. त्या बारीक लाभासाठी लोकांनी दागिने मोडले. करोनातून बरे झालेल्यांच्या रक्तातून काढून रुग्णाला दिल्या जाणाऱ्या प्लाझ्माचे याहून वाईट झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर स्वतःची चाचणी केली, जी या विषयावरच्या जगातल्या पहिल्या नेटक्या चाचण्यांपैकी होती आणि जिचा आपल्याला रास्त अभिमान वाटायला हवा होता. आजार बळावणे किंवा मृत्यू : प्लाझ्मा मिळालेल्यांत ४४, न मिळालेल्यांत ४१. हे ऑक्टोबर २०२०मध्ये छापून आले. प्लाझ्मा उपचारांच्या मार्गदर्शक सूचीतून निघाला तो १७ मे २०२१ला. मधल्या सात महिन्यांत, आणि त्यातही दुसऱ्या लाटेत, दात्यांसाठी किती फोन फिरले असतील! महाराष्ट्राने जून २०२०मध्ये 'प्लॅटिना' नावाचा प्रकल्प जाहीर केला तेव्हा तो जगातला सर्वांत मोठा असल्याचे सांगितले गेले, पण चाचणी आणि तातडीचा उपचार या दोन वेगळ्या गोष्टी त्यात एकाच नावाखाली बांधल्या होत्या. चाचणी म्हणजे आपल्याला ठाऊक नाही याची कबुली, आणि उपचार म्हणजे ठाऊक असल्याचे आश्वासन. दोन्ही एकाच तोंडाने कसे द्यायचे?

मरणाच्या छायेत मोजणी अशक्य असते, हे म्हणणेही इतिहासाला धरून नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७च्या जानेवारीत, मुंबईत प्लेगने माणसे मरत असताना, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या लहानशा प्रयोगशाळेत तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा ती पुढे आलेल्या कैद्यांना देऊन, घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही गटांतले रुग्ण मोजले. आजच्या मापाने त्या प्रयोगात दोष आहेत : कैद्याची संमती ही कितपत संमती, आणि पुढे येणारे व मागे राहणारे सारखेच असतात काय? पण तुलनेसाठी एक गट हवा आणि दोन्ही बाजूंचे आकडे लिहून ठेवायला हवेत, हे भान प्लेगच्या मुंबईत होते. पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १९०२ मध्ये लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि दोष हाफकिन यांच्यावर आला, तेव्हा १९०७ मध्ये त्यांना निर्दोष ठरवताना नोंदीच उपयोगी पडल्या. आणि अलीकडचा दाखला हवा असेल तर ब्रिटनमधला 'रिकव्हरी' प्रकल्प घ्या : मार्च २०२०मध्ये सुरुवात, साध्यात साधा अर्ज, शेकड्यापेक्षा अधिक रुग्णालये, आणि १६ जूनला निकाल की डेक्सामेथासोन या जुन्यापान्या, काही रुपयांच्या स्टेरॉइड औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा मृत्युदर सुमारे ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर येतो. त्या तुलनेत ६,४२५ रुग्ण होते. त्याच चाचणीने हेही सांगितले की ऑक्सिजन न लागणाऱ्या रुग्णांना ते देण्यात लाभ नाही, कदाचित तोटाच आहे. घाईघाईत सर्वांना स्टेरॉइड देणाऱ्यांना हे दुसरे वाक्य वेळेवर वाचता आले असते, तर बरे झाले असते.

आता डॉक्टरांकडे वळतो. "फेल गेलं" हा शब्द ते ज्या सहजतेने वापरतात, ती सहजता माझ्या दृष्टीने प्राध्यापकांच्या भाबडेपणाइतकीच घातक आहे, किंबहुना अधिक, कारण तिच्या अंगावर शास्त्राचा पांढरा कोट आहे. थोडे गणित करू. समजा एखाद्या आजारात औषधाविना १०० पैकी २० जण दगावतात आणि औषधाने ते १५वर येतात. हा लहान लाभ नाही. लाखो रुग्णांच्या साथीत तो हजारो घरांचा प्रश्न आहे. असा लाभ खरोखर असेल, तर तो दहापैकी आठ वेळा तरी पकडता यावा यासाठी प्रत्येक गटात सुमारे ९०० रुग्ण लागतात. एसीई-२च्या चाचणीत दोन्ही गट मिळूनही दोनशे नव्हते, आणि मोजण्याच्या घटना घडल्या त्या एकूण २१. अशा चाचणीत चांगले औषधही बहुतेक वेळा 'लक्षणीय फरक नाही' असाच शेरा घेऊन बाहेर पडते. एनालाप्रिलला २५३ रुग्ण पुरले ते त्या रुग्णांतले जवळपास निम्मे सहा महिन्यांत मरत होते म्हणून, आणि फरकही प्रचंड होता म्हणून. ९ विरुद्ध १२ हा आकडा औषधाच्या बाजूने काही सिद्ध करत नाही, विरुद्धही करत नाही. मुंगीचे वजन धान्याच्या काट्यावर करून 'मुंगीला वजन नसते' असा निष्कर्ष काढणाऱ्याला आपण काय म्हणू?

तरीही डॉक्टरांच्या बाजूने जे खरोखर बोलण्यासारखे आहे, ते सांगतो. करोनापूर्वी तीव्र श्वसन-अपयशाच्या सुमारे चाळीस रुग्णांवर याच विकराची चाचणी झाली होती आणि २०१७ मध्ये त्याचा अहवाल आला होता : रक्तातले अँजिओटेन्सिन-२ ठरल्याप्रमाणे झपाट्याने उतरले, रुग्णाची प्राणवायूची स्थिती मात्र सुधारली नाही. हे चिंताजनक लक्षण आहे. विकराने आपले काम चोख केले आणि रुग्णाला त्याचे काही वाटले नाही. सात मण्यांच्या प्रतिकृतीचे अपयश त्याला जोडले, तर फुप्फुस वाचवण्याचा अर्धा तर्क बराच लंगडा होतो. माझी स्वतःची अटकळ विचाराल तर, मोठी चाचणी झाली असती तरी हे औषध गंभीर रुग्णांत फार मोठे काही करू शकले नसते, आणि जे काही केले असते ते आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, विषाणूला चकवण्याच्या कामात. पण ही अटकळ आहे. तिला निकाल म्हणून मिरवण्याचा अधिकार मला नाही, आणि डॉक्टरांनाही नाही.

मग दोष कोणाचा? दोनशे रुग्ण जमवता जमवता दमलेल्या व्हिएन्नातल्या एका छोट्या कंपनीचा नक्कीच नाही. तिने जे तिच्या आवाक्यात होते ते केले. दोष त्या व्यवस्थेचा आहे जी साथीच्या काळात प्रत्येक औषधाला स्वतःची वेगळी चाचणी, स्वतःचे वेगळे रुग्ण आणि स्वतःचा वेगळा तुलना-गट उभा करायला लावते, आणि मग शेकडो खुज्या चाचण्यांच्या ढिगाऱ्याला संशोधन म्हणते. खुज्या चाचणीत नाव घातलेल्या रुग्णाने धोका पत्करला, रक्त दिले, सही केली, आणि त्या बदल्यात जगाला उत्तर मिळाले नाही. एवढा खर्च गरीब देशांना कसा परवडणार, असे विचारले जाते. पण रिकव्हरीचा तुलना-गट एकच होता आणि त्याच्याशी अनेक औषधे ताडून पाहिली गेली. खर्च वाचवण्याची ती सर्वांत शहाणी रीत होती. आपल्याकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत रोज जितके रुग्ण येतात तितके युरोपातल्या कित्येक देशांत महिन्यात येत नसतील, आणि परिषदेने प्लाझ्माच्या वेळी अडीच-तीन महिन्यांत ३९ रुग्णालये एका नियमाने चालवून दाखवली. कमतरता आहे ती साथ नसतानाही तयार असलेल्या एका कायम जाळ्याची : आधीच मंजूर झालेला नीतिमूल्यांचा आराखडा, एका पानाचा अर्ज, मराठी-हिंदीत नीट लिहिलेले संमतिपत्र, आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचलेली चिठ्ठी टाकण्याची संगणकीय सोय. हे डेंग्यूवर, क्षयावर, सर्पदंशावर रोज वापरता येईल, आणि पुढचा विषाणू आला की त्यात एसीई-२सारखे औषध पहिल्याच आठवड्यात घालता येईल.

सभा संपल्यावर प्राध्यापक मला जिन्यात भेटले. "तुमची आई त्या खाटेवर असती तर तुम्ही हे औषध दिलं असतं की नाही, एवढंच सांगा," ते म्हणाले. मी म्हटले, मोठी चाचणी चालू असती तर संमतिपत्रावर सही केली असती. त्यांनी विचारले, "आणि चिठ्ठीत सलाइनची बाटली निघाली असती तर?" तर डेक्सामेथासोन, प्राणवायू आणि ती बाटली यांवर ती राहिली असती, आणि तिचे नाव १,८०० जणांच्या यादीत गेले असते.